टोपीतले शब्द

प्रणाली शहारेला मोहतळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं, तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. नवऱ्यानं तिला खांद्यावरून उतरवून खाटेवर ठेवलं आणि तिचं डोकं सैल पडलं. सव्वीस वर्षांची बाई. पहाटे पोटात कळ आली, मग पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, वाटेत श्वास अडकायला लागला. अंगावर कुठे दातांची खूण दिसत नव्हती, सूज नव्हती. भाताच्या रोवणीचे दिवस होते आणि ती खाली सतरंजीवर झोपली होती. सिस्टर दमयंती लांजेवारला एवढं ऐकणं पुरेसं होतं. मण्यार. चावते तेव्हा झोपलेल्याला जागही येत नाही.

घशात नळी गेली, श्वासाचं यंत्र लागलं, सर्पविषावरचं औषध सुरू झालं. नऊ वाजेपर्यंत प्रणालीच्या अंगात कसलीही हालचाल उरली नव्हती. डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरीचा झोत टाकला. बाहुली मोठी होती आणि मोठीच राहिली. नवऱ्याचा भाऊ खाटेपाशी उभा होता. त्यानं सुस्कारा टाकला आणि तिथूनच गावात फोन लावून सांगितलं, की ट्रॅक्टर धुऊन ठेवा, न्यावं लागेल.

डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की ही मेलेली नाही. पण समोर जे दिसत होतं त्यापुढे डॉक्टरांचे शब्द फिके होते.

मण्यारीच्या विषाचा घाव मेंदूवर नसतो. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो, तिथून एक रसायन सुटतं, ते स्नायूला मिळतं आणि स्नायू हलतो. विष नेमकं या सांध्यावर बसतं. रसायन सोडणारी टोकंच ते मोडून टाकतं. एकदा टोकं मोडली की औषधालाही ती जोडता येत नाहीत. नवी टोकं फुटायची वाट बघावी लागते, पाच दिवस, आठ दिवस. तोवर माणूस श्वास घेऊ शकत नाही, पापणी हलवू शकत नाही, आणि बाहुलीही प्रकाशाला दाद देत नाही. मेंदू मेला की नाही हे बघायच्या ज्या जुन्या तपासण्या, त्या सगळ्या तो नापास होतो. मेंदू मात्र जागा असतो. पुस्तकांत हे बऱ्याच वर्षांपासून लिहिलेलं होतं, पण त्या अवस्थेत असलेल्या माणसाला कुणी काही विचारू शकलं नव्हतं.

त्यासाठीच डॉ. नबीला काझी नागपूरहून इथे येऊन राहिली होती. सर्पविषावर काम करणारी, चाळिशीच्या आतली, कमी बोलणारी बाई. तिच्याबरोबर एक टोपी आली होती. मेंदूत विजेचे बारीक प्रवाह वाहतात, त्यांच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकत्व तयार होतं. टोपीतल्या दोनशे ठिपक्यांना ते कवटीच्या बाहेरूनही कळायचं. माणूस बोलू पाहतो तेव्हा मेंदू जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. स्नायू हलले नाहीत तरी हुकूम सुटत राहतात. टोपी ते हुकूम टिपायची आणि यंत्र त्यांचे उच्चार जुळवून पडद्यावर शब्द उमटवायचं. त्याआधी प्रत्येक माणसाचा मेंदू यंत्राला ओळखीचा करून द्यावा लागे. कानाशी आवाज सांगायचा, मनात उजवी मूठ आवळा. आता मनात 'आई' म्हणा. आता 'पाणी' म्हणा. मुडद्यासारख्या पडलेल्या बाईला कुणीतरी धडे देतंय, हे बघून वॉर्डातले बाकीचे नातेवाईक खाटा भिंतीकडे सरकवून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर पहिली ओळ आली. 'डोये उघडा.'

नबीलाला वाटलं, यंत्र चुकलं. दमयंतीला कळलं. ती खाटेशी गेली आणि दोन्ही अंगठ्यांनी प्रणालीच्या पापण्या उचलून धरल्या. प्रणालीची चार वर्षांची मुलगी बापाच्या कडेवर होती. दमयंतीनं तिला समोर आणायला सांगितलं.

पडद्यावर मुलीचं नाव उमटलं. पुन्हा उमटलं. मग सलग सात वेळा.

तिसऱ्या दिवशी नवरा आणि त्याचा भाऊ दोघेही खाटेपाशी होते. पडद्यावर शब्द आले, 'टॅक्टर धुतला का?' भावानं ते वाचलं आणि तो बाहेर गेला. प्रणाली नवव्या दिवशी स्वतः श्वास घ्यायला लागली, तीन आठवड्यांनी चालत घरी गेली. पण तो भाऊ पुन्हा रुग्णालयात आला नाही. पुढे त्यानं गावात वेगळी चूल मांडल्याचं दमयंतीच्या कानावर आलं.

त्या हंगामात टोपी आणखी सहा जणांना लागली. सहाही जणांनी सगळं ऐकलेलं होतं. एका म्हाताऱ्यानं आपल्या मुलांची वाटणीची बोलणी शब्दशः सांगितली. एक तरुण फक्त एवढंच म्हणत राहिला, की पंखा बंद करा. त्याच्या अंगावर दोन दिवस वारा येत होता आणि त्याला पांघरूण मागता येत नव्हतं.

ही बातमी जिल्ह्यात पसरली आणि माणसं बदलायला लागली. मरणाच्या घरात कुजबूज थांबली. तिरडीपाशी कुणी काही वावगं बोलेना, कारण न जाणो. हृदयविकारानं गेलेल्या एका शिक्षकाला घरच्यांनी दोन दिवस ठेवलं आणि आळीपाळीनं त्याच्या कानाशी वर्तमानपत्र वाचलं. सरण रचल्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, नक्की का?

आणि बुधवारी, बाजाराच्या दिवशी, रुग्णालयाच्या व्हरांड्यात जुने लोक येऊन बसू लागले. दहा वर्षांपूर्वी, तीस वर्षांपूर्वी ज्यांची माणसं मण्यारीनं गेली होती असे लोक. कुणाच्या हातात फोटो. त्यांना उपचार नको होते. त्यांना एकच विचारायचं होतं, की आमच्या माणसाले ऐकू येत होतं का? नबीला त्यांना खरं तेच सांगायची, की आता सांगता येणार नाही. ते उठायचे नाहीत. मग दमयंती त्यांना चहा द्यायची आणि सांगायची, की तेव्हा बाहुली बघितली होती ना डॉक्टरांनी, मग झालं, त्यांना काही कळलं नसणार. सत्तावन्न वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या सिस्टरचं ते ऐकायचे आणि निघून जायचे. नबीला हे बघायची. एकदाही तिनं दमयंतीला टोकलं नाही.

दमयंतीचा नवरा टिकाराम वीज मंडळात लाइनमन होता. एकोणीस वर्षांपूर्वी सोनखारीच्या आरोग्य केंद्रात, जिथे ती तेव्हा नोकरीला होती, त्याला असाच पहाटे आणला होता. श्वासाचं यंत्र तिथे नव्हतं. पुलावरून पाणी गेलं होतं, रस्ता बंद होता. होती फक्त एक अंबू बॅग, घशातल्या नळीला जोडून हातानं दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी. दमयंतीनं आणि तिच्या सासूनं, अनुसयाबाईनं, ती अकरा तास दाबली. दुपारी चारला डॉक्टरांनी बाहुल्या बघितल्या, गुडघ्यावर, पायाच्या तळव्यावर ठोकून बघितलं आणि सांगितलं की सिस्टर, आता हे आपण आपल्या समाधानासाठी करतोय. दमयंतीला त्यांचा राग आला नव्हता. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. तिचे हात सुजले होते. तिनं सासूला बाजूला बसवलं, बाहेर जाऊन हात धुतले, परत आली आणि स्वतःच्या हातानं नळी काढली. छाती थांबली. आणखी सहा मिनिटं मनगटाला नाडी लागत होती. तिनं ती धरून ठेवली होती.

आता घरात सासू-सून दोघीच राहत. अनुसयाबाई ऐंशीच्या झाल्या होत्या, पण कान तिखट होते. टीव्हीवर टोपीची बातमी लागली की त्या उठून अंगणात जायच्या. दमयंतीला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. पहिल्यांदा दमयंतीला त्याचं बरं वाटलं. मग त्या न विचारण्याचीच तिला भीती वाटायला लागली. जेवताना दोघी ताटाकडे बघून जेवायच्या.

दिवाळीनंतर नबीलाला एक पत्र आलं. तिचं काम तपासणाऱ्या तज्ज्ञांनी शंका काढली होती. त्यांचं म्हणणं असं, की टोपीला जे मिळतं ते अर्धवट, गोंगाटानं भरलेलं. त्याला भाषेचा आकार यंत्र देतं. या यंत्रांना मराठीची लाखो वाक्यं शिकवलेली असतात. आईच्या मेंदूतून नुसता गोंगाट आला तरी ते मुलीचं नाव उमटवेल, कारण वॉर्डात ते नाव यंत्राच्याही कानावर शंभरदा पडलंय. ट्रॅक्टरचंही तसंच. पेशंट नंतर सांगतात ते खरं, पण इतके दिवस गुंगीत काढलेल्या माणसाची आठवण धरायची कशी? थोडक्यात, बोलतंय ते यंत्र. माणूस बोलतोय हे सिद्ध करा.

नबीलानं ते पत्र दमयंतीला वाचून दाखवलं. मग तिनं उपाय सांगितला. शस्त्रक्रियेत स्नायू ढिले करायला जे औषध देतात ते एका धडधाकट माणसाला द्यायचं, गुंगीचं औषध मात्र द्यायचं नाही. श्वासाच्या यंत्रावर चाळीस मिनिटं ठेवायचं. त्या वेळात त्याच्याशी बोलायचं, टोपी लावून त्याचं ऐकायचं. मग उतारा देऊन उठवायचं आणि पडदा न दाखवता त्याच्याकडून सगळं लिहून घ्यायचं. दोन्ही जुळलं तर जुळलं. पूर्वी एकदोघांनी स्वतःवर असे प्रयोग केले आहेत. नैतिकता समितीची परवानगी मिळण्यासारखी आहे. माणूस मिळणं कठीण.

"मी झोपते," दमयंती म्हणाली.

नबीलानं पत्र घडी करून ठेवलं. मग तिनं विचारलं, की तुम्हाला यातून काय निघायला हवंय?

"यंत्र खोटं ठरायला हवंय," दमयंती म्हणाली. "चालेल?"

नबीला म्हणाली, चालेल.

तपासण्या झाल्या, कागद झाले, दमयंतीचा मेंदू यंत्राला ओळखीचा करून झाला, भूल देणारे डॉक्टर नागपूरहून यायचं ठरलं. बोलण्यासाठी ओळखीचा आवाज हवा होता, घरचा. दमयंतीनं सासूला सांगितलं, की माझी एक तपासणी आहे, मी निपचित पडलेली असेन, तुम्ही माझ्याशी घरचं काहीबाही बोलायचं. अनुसयाबाईंनी विचारलं, तुले ऐकू येईल का? दमयंती म्हणाली, तेच बघायचंय.

जानेवारीतल्या एका सकाळी, दहा वाजता, दमयंतीला टोपी घालून खाटेवर निजवलं. घसा बधिर करून नळी घातली ते वाईट होतं. मग हातातल्या सुईतून औषध गेलं.

पहिल्यांदा पापण्या गेल्या. खाली आल्या आणि तिथेच राहिल्या. जबडा गेला. बोटं हलवायला गेली तर ती तिथेच होती, चादरीची जाणीव होती, पण तिचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. आणि मग तिनं श्वास घ्यायचा प्रयत्न केला. काही झालं नाही. छाती नव्हतीच. तेवढ्यात यंत्रानं तिच्यात हवा भरली, तिला न विचारता, आणि काढून घेतली. पुढची हवा येईपर्यंतचा वेळ किती लांब होता हे एकोणतीस वर्षं नर्स असूनही तिला माहीत नव्हतं. ती हजारो वेळा हे यंत्र लावून पुढच्या खाटेकडे गेली होती.

आवाज मात्र जवळ आले. भूलतज्ज्ञांचं घड्याळ टिकटिकत होतं. कुणीतरी बिस्किटाचा पुडा उघडला. कपाळावर एक माशी बसली, चालत भुवईपर्यंत गेली, थांबली, पापणीवर उतरली. दमयंती सगळ्या ताकदीनं ओरडली. खोलीत शांतता होती.

"माशी," नबीलाचा आवाज आला. ती पडदा वाचत होती. कुणीतरी हात हलवला आणि माशी उडाली.

यंत्र खरं आहे, हे दमयंतीला तेव्हाच कळलं. तिनं तरीही ठरवलेली परीक्षा पुरी केली. लहानपणी शेजारच्या बैलाचं जे नाव होतं ते मनात म्हणाली. एक खोटा शब्द बनवला, जो कुठल्याही भाषेत नाही, तो म्हणाली. बाहेर की-बोर्डचा आवाज येत राहिला.

मग खुर्ची सरकली. फिनेल आणि औषधांच्या वासात एकदम सुपारीचा वास आला. अनुसयाबाई. त्या आधी उगाच बोलल्या. धानाचा भाव, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, गॅसची टाकी संपत आल्याचं. मग सुपारीचा वास आणखी जवळ आला. दमयंतीच्या मनगटावर त्यांचा हात आला, कोरडा आणि हलका.

"दमयंती, तवा तू हात धुवाले गेली होती," अनुसयाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "मी एकटीच होती त्याच्यापाशी. मी त्याच्या कानात म्हटली, बापू, आता जा. तिचे हात सुजले. तू आता जा, मी हाओ इथं. असं म्हटली मी त्याले. तू आली, अन नळी काढली. तुले वाटते तू काढली. त्याले त मीच धाडून देल्ली होती."

यंत्रानं हवा भरली, काढली. पुन्हा भरली. दमयंतीचे डोळे मिटलेले होते आणि त्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. पाणी थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

अनुसयाबाईंना वाचता येत नव्हतं. पडद्यावर अक्षरं उमटताना त्यांनी बघितली आणि मागे वळून विचारलं, "काय म्हणते ती?"

नबीला पडद्याकडे वळली. मग तिनं वाचलं. "म्हणतायत, आई, त्यांनी ऐकलं असेल."

दमयंतीला सासूचा चेहरा दिसत नव्हता. आपण असं का म्हटलं, हेही तिला कळत नव्हतं. व्हरांड्यात बसलेल्या कितीतरी लोकांना तिनं या एका वाक्यापासून वाचवलं होतं.

"ऐकलं असल त बरं झालं," अनुसयाबाई शेवटी म्हणाल्या. "मले वाटे, मी हवेतच बोलली."

त्यांनी दमयंतीच्या कानाकडे ओघळलेलं पाणी पदरानं टिपलं. पुढची अकरा मिनिटं त्यांनी मनगट धरून ठेवलं. नंतर उतारा दिला गेला. सगळ्यात आधी तिची पापणी हलली.

संध्याकाळी दमयंतीनं लिहून दिलेली पानं आणि पडद्यावरची नोंद नबीलानं समोरासमोर ठेवली. बैलाचं नाव जुळलं. जगात नसलेला शब्द, एका अक्षराच्या फरकानं, जुळला. नबीलाच्या कामाचा विजय झाला होता, आणि ती दमयंतीची माफी मागत होती. दमयंतीनं तिला थांबवलं. पुढच्या बुधवारपासून व्हरांड्यातल्या लोकांशी कुणी काय बोलायचं हे ठरवावं लागेल, एवढंच ती म्हणाली. आपण बोलू, पण खोटं बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं सासू-सून घरी निघाल्या. दमयंतीचा घसा सोलवटलेला होता, त्यामुळे बोलणं हळूच होत होतं. गाडीत गर्दी नव्हती. धानाची कापणी केव्हाच झाली होती, शेतातल्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या. अनुसयाबाई खिडकीशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं, बाहेर बघतच, त्यांनी विचारलं.

"आपण पिशवी दाबतच राहिलो असतो, त?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न घरात आला नव्हता. दमयंतीला उत्तर माहीत होतं. नर्स म्हणून माहीत होतं, आणि यंत्र खोटं ठरलं असतं तरी ते बदललं नसतं. काल रात्रीपर्यंत तिनं ठरवलं होतं, की एवढं एक सांगायचं नाही.

"नवी टोकं फुटली असती," ती म्हणाली. "मग त्यांनी स्वतः श्वास घेतला असता."

"किती दिवस लागले असते?"

"पाच. फार तर आठ."

अनुसयाबाईंनी मान हलवली. मांडीवरच्या पिशवीचे बंद त्या एका बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. गाडी एका फाट्यावर थांबली, दोन बाया चढल्या, गाडी पुन्हा सुरू झाली.

"पाच दिवस," त्या म्हणाल्या. "दाबली असती आपण. रात्री मी, दिवसा तू."

"हो, आई," दमयंती म्हणाली.